तासिकेची नोकरी, घरातलं मूल आणि सेटचा अभ्यास: आठवडा बसवायचा कसा?

तासिकेवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, किंवा कुणाच्या रजेच्या जागेवर शिकवायला लागलं की ओळखीचे लोक पहिलं विचारतात, "देतात किती?" हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न म्हणजे तास कधी आहेत. तासिकेचा दर शासन निर्णयाने किंवा संस्थेच्या मर्जीने ठरलेला असतो, तिथे तुमचं फारसं काही चालत नाही. वेळापत्रकाचं तसं नाही. जून-जुलैमध्ये ते कच्चं असतं आणि वेळेवर बोललं तर बदलतं. मूल, सेट-नेटसारख्या पात्रता परीक्षांचा अभ्यास आणि जोडीचं काम या तिन्ही गोष्टी त्याच्यावर लटकलेल्या असतात. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर ती तासांच्या मांडणीवर करा.

आधी जागा कोणत्या प्रकारची ते बघा

"तात्पुरती नोकरी" या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात आणि घरावरचा त्यांचा भारही वेगळा असतो.

पहिली रजेची जागा. एखादी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली की साधारण सहा महिने तिचे वर्ग कुणीतरी घ्यावे लागतात. इथे तुम्ही पूर्ण वेळ शाळेत असता. परिपाठ, वर्गाची हजेरी, टाचण (पाठाची लेखी तयारी), पोषण आहाराच्या नोंदी, पालकसभा, सगळं तुमच्याकडे. अभ्यासाला वेळ जवळजवळ शून्य, पण काम किती दिवसांचं आहे याचा अंदाज असतो आणि महिन्याला ठरलेली रक्कम असते. ती शिक्षिका रजा वाढवू शकते, तशी ठरल्यापेक्षा आधी हजरही होऊ शकते, आणि ती हजर झाली त्या दिवशी तुमचं काम संपतं. घरी आजी-आजोबा असतील आणि परीक्षा वर्षभर लांब असेल तर ही जागा चांगली.

दुसरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे आपण ज्याला सरसकट सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) म्हणतो ती. कनिष्ठ किंवा वरिष्ठ महाविद्यालयात आठवड्याला ठरावीक तास मिळतात आणि जितके घेतले तितक्यांचेच पैसे. सुट्ट्यांचे नाहीत, परीक्षेच्या काळातले बहुधा नाहीत. अभ्यास करणाऱ्यांसाठी हीच जागा सोयीची, पण तास सलग असले तरच.

तिसरी म्हणजे शहरांतल्या खाजगी शाळांमधलं रोजच्या बदलीचं काम. सकाळी साडेसहाला फोन येतो, "आज याल का?" मूल लहान असेल आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर हे काम घेऊ नका. इतक्या सकाळी पाळणाघर उघडलेलं नसतं, आणि दोन-तीनदा नाही म्हटलं की फोन यायचा थांबतो. मूल शाळेत जायला लागल्यावर हेच काम बरं वाटू शकतं, कारण इथे पेपर तपासणं नाही आणि वर्गाची जबाबदारीही नाही.

खरे तास मोजा

एक आठवडा कागदावर मांडून बघू. समजा नऊ तासिका आहेत, प्रत्येकी ४८ मिनिटांची. शिकवण्याचा वेळ झाला ७ तास १२ मिनिटं. तास चार दिवसांत विखुरलेले आहेत, जाण्यायेण्याला रोज दीड तास, म्हणजे ६ तास. तयारी तासिकेमागे अर्धा तास धरली तर साडेचार. मधल्या रिकाम्या वेळा आठवड्याला पाच तास. एकूण झाले २२ तास ४२ मिनिटं.

आता तेच नऊ तास तीन दिवसांत, रोज तीन, जवळजवळ सलग. शिकवणं आणि तयारी तेवढीच. प्रवास साडेचार तासांवर आला, रिकामा वेळ तासाभरावर. एकूण १७ तास १२ मिनिटं. पैसे तेवढेच, आणि आठवड्याचे साडेपाच तास तुमच्या हातात आले. एवढ्या वेळात नेटचा एक पूर्ण सराव पेपर सोडवून तपासूनही होतो.

रिकाम्या तासाची आणखी एक गंमत आहे. स्टाफरूममध्ये बसलेलं माणूस दिसलं की पर्यवेक्षक म्हणतात, "मॅडम, आठवी ब मध्ये सर आले नाहीत, जरा बसता का?" हा बदली तास बहुतेक ठिकाणी फुकटात जातो. म्हणजे मधल्या वेळात अभ्यास करू हा विचार मनातच ठेवावा.

स्वतःचे आकडे घालून हा हिशेब करा आणि मिळणाऱ्या रकमेला एकूण तासांनी भागा. उत्तर बघून वाईट वाटेल. तरीही ते माहीत हवं, कारण पुढे कुणी "अजून दोन तास घ्या ना" म्हटलं की होकार द्यायचा की नाही ते या आकड्यावरून ठरवता येतं.

वेळापत्रकासाठी बोलायचं कधी आणि कसं

कधी? वेळापत्रक फळ्यावर लागायच्या आधी. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. महाविद्यालयात सीएचबीच्या नेमणुका बऱ्याचदा त्याच्याही नंतर होतात आणि तोवर कायम शिक्षकांनी आपापले तास पसंत करून घेतलेले असतात. मुलाखतीच्या दिवशीच वेळापत्रक कोण लावतं ते विचारून ठेवा. प्राचार्य किंवा मुख्याध्यापक क्वचितच लावतात. ते काम एखाद्या पर्यवेक्षिकेकडे किंवा वेळापत्रक समितीतल्या जुन्या सरांकडे असतं, त्यांना भेटा.

नुसतं तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. अर्ध्या कागदावर तीन ओळी लिहून द्या:

"सर, सोमवार, मंगळवार, बुधवार रोज तीन तास सलग मिळाले तर बरं होईल. शेवटचा तास चालेल. गुरुवारपासून मी उपलब्ध नाही."

या कागदात तुम्ही एक गोष्ट देऊही करता, ती म्हणजे शेवटचा तास. तो कुणालाच नको असतो. शनिवारची सकाळ, जेवणानंतरचा तास, सगळे टाळतात ती तुकडी, यातलं काहीतरी स्वतःहून घ्या, म्हणजे सलग तासांची मागणी मान्य व्हायला सोपी जाते. "मूल लहान आहे" हे कारण मात्र कागदावर घालू नका. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पुढच्या वर्षी नेमणुकीच्या वेळी तेच कारण तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. उपलब्ध नाही, एवढं पुरे.

पहिला तास देऊ करण्याआधी घरचं घड्याळ बघा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय २०२४-२५ पासून आहे. मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण कनिष्ठ महाविद्यालयं सकाळी सात-साडेसातला भरतात. मूल दुसरीत असेल आणि तुमचा पहिला तास सव्वासातला असेल, तर त्याला उठवून, डबा देऊन रिक्षात बसवणारं दुसरं कुणीतरी लागेल. ते माणूस आधी ठरू द्या, मग "पहिला तास चालेल" म्हणा.

ऑर्डर, हजेरी आणि उशिरा येणारे पैसे

नेमणुकीचं पत्र हातात घेतल्याशिवाय वर्गावर जाऊ नका, असं सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात "उद्यापासून या, ऑर्डर नंतर काढू" असंच ऐकू येतं. तेव्हा निदान एवढं करा: पहिल्याच दिवशी हजर झाल्याचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑर्डर आल्यावर तीत विषय, तासांची संख्या, कालावधी आणि जागा अनुदानित की विनाअनुदानित हे नीट लिहिलंय का ते वाचा. पुढे अनुभव मोजायची वेळ आली की हेच शब्द बघितले जातात.

घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःच्या डायरीत ठेवा: तारीख, तुकडी, घटक. महिन्याचं बिल त्यावरून पाच मिनिटांत होतं, आणि क्लार्कच्या रजिस्टरमध्ये तास कमी भरले तर दाखवायला काहीतरी असतं.

पैसे दर महिन्याला येतील असं धरू नका. सीएचबीचं मानधन तीन-चार महिन्यांचं एकदम येणं नेहमीचं आहे. म्हणून घराचा हप्ता, मुलाची फी, पाळणाघराचे पैसे यांपैकी काहीही या मानधनावर टाकू नका. ते खर्च दुसऱ्या पगारातून किंवा जोडीच्या कामातून भागवा, आणि मानधन आलं की परीक्षेची फी, पुस्तकं आणि एप्रिल ते जुलैची तरतूद यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. काही संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. रक्कम छोटी म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात, पण वर्षाची मिळून सहज दोन-तीन पुस्तकांची किंमत निघते.

मुलाची सोय: तीन नावं हवीत

एक सोय म्हणजे सोय नव्हे. आजी आहे, ठीक. आजीला ताप आला तर? पाळणाघर आहे, ठीक. पाळणाघरवाल्या काकू गावाला गेल्या तर? तिसरं नाव म्हणजे आपल्यासारखीच अडचण असलेली शेजारची किंवा वर्गातल्या मुलाची आई. तिचा मुलगा तुमच्या रिकाम्या दिवशी तुमच्याकडे, तुमची मुलगी तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे. पैशाचा व्यवहार नाही, पण दिवस ठरलेले. ही देवाणघेवाण चालते, कारण दोघींनाही तिची गरज असते. इथेही तुमचे दिवस पक्के असणं महत्त्वाचं. रोज बदलणाऱ्या वेळा घेऊन कुणाशीच असा करार होत नाही.

मुलाच्या बाबांचं नाव या यादीत मुद्दाम घेतलं नाही. ते पर्यायी व्यवस्थेत येत नाहीत, ते मूळ व्यवस्थेतच असतात. आठवड्यातले दोन दिवस सोडायला-आणायला ते, हे कॅलेंडरवर लिहिलेलं असावं. "मदत करतो" आणि "मंगळवार-बुधवार माझे" यांतला फरक पहिल्या सर्दी-तापात कळतो.

आजारपणाचा विचार निराळा करा. तासिकेवर रजा नसते, न घेतलेल्या तासाचे पैसे जातात, बस. मूल तापलेलं असताना शंभर हिशेब करण्यात अर्थ नाही. सकाळी लवकर फोन करून कळवा आणि तो तास नंतर भरून काढता येईल का तेवढं विचारा. महाविद्यालयात बहुधा येतो, शाळेत येत नाही.

खरी कसोटी मार्च-एप्रिलची. मुलाची परीक्षा, तुमचं पर्यवेक्षण, पेपर तपासणी आणि कधीकधी तुमची स्वतःची परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. जानेवारीत कॅलेंडर घेऊन बसा आणि तो पंधरवडा रिकामा करा: पाहुणे नाहीत, लग्नं नाहीत, जोडीचं काम घ्यायचं नाही.

तयारीचा वेळ आवरा

नव्या माणसाची जास्तीत जास्त शक्ती टाचणात जाते. एकाच घटकाचं टाचण तीन तुकड्यांना चालेल असे वर्ग मिळतात का ते बघा. तीन वेगवेगळ्या विषयांचे तीन तास घेण्यापेक्षा एका विषयाचे चार बरे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. बसमध्ये उद्याचा पाठ वाचून होतो.

अचानक येणाऱ्या बदली तासासाठी दोन-तीन तयार तास पिशवीत असू द्या. माझा आवडता आहे महावितरणच्या बिलाचा. घरचं एक जुनं बिल, ग्राहक क्रमांक आणि नाव झाकून. सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग लिहून द्यायचं, युनिट त्यांनी काढायचे. मग पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, हे टप्पे मांडायचे. १४० युनिट आले तर सगळे १४० वरच्या दराने मोजायचे की फक्त ४०? इथे वर्गात हमखास भांडण लागतं आणि अर्धा तास तिथेच जातो. उरलेल्या वेळात घरी जाऊन कोणतं उपकरण किती वेळ चालतं ते लिहून आणायला सांगा. पुस्तक लागत नाही, तयारी लागत नाही, आणि पर्यवेक्षक दारातून डोकावले तर वर्ग कामात दिसतो.

अभ्यास: परीक्षा एकच निवडा

टीईटी, टेट, सेट, नेट या चारही परीक्षांचे फॉर्म भरून ठेवणारे खूप असतात. कुठे पोचायचं आहे त्यावरून एक मुख्य परीक्षा ठरवा.

पहिली ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटी (तशीच केंद्राची). दीडशे गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला पात्रतेसाठी ६० टक्के लागतात. प्रमाणपत्र एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं. पण आधी एक तपासा: ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) लागतं. नुसतं बी.एड. असेल तर सहावी ते आठवीसाठीच्या पेपर दोनवर भर द्या. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटीची अट लागू झाली आहे, त्यामुळे परीक्षेला गर्दी असणार.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी. दोनशे प्रश्न, दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. ही परीक्षा ज्ञानाची कमी आणि वेगाची जास्त. बसमधल्या दहा-दहा मिनिटांत तिची तयारी होत नाही, आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सलग दोन तास बसावंच लागतं. शिवाय ती दरवर्षी होत नाही: २०१७, मग २०२३, मग २०२५. केवळ तिच्या भरवशावर वर्षं घालवू नका, पण जाहीर झाली की सगळं बाजूला ठेवून तीच करा.

वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून जायचं असेल तर सेट (राज्याची पात्रता परीक्षा) आणि नेट (देशपातळीवरची). महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, नेट वर्षातून दोनदा होते. दोन्हींत पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण तीन तास. त्यामुळे या दोघींची तयारी एकत्र होते. नेटच्या पहिल्या पेपरचे दहा घटक आहेत आणि त्यांतला पहिला अध्यापनाचाच. अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापन, विद्यार्थ्यांतले फरक, हे तुम्ही रोज करताच, फक्त त्याची पुस्तकी नावं पाठ करायची राहतात. हा पेपर तुकड्यातुकड्यांच्या वेळेत होतो: तर्क आणि आकडेवारीचे पाच प्रश्न प्रवासात, आयसीटीच्या (माहिती तंत्रज्ञानाच्या) व्याख्या भाजी निवडताना ऐकून. दुसऱ्या पेपरला मात्र सलग वेळ लागतो, आणि तो वेळापत्रकातून वाचवलेल्या साडेपाच तासांतूनच येतो.

रात्री मूल झोपल्यावर अभ्यास करू, हे मला पटत नाही. त्या वेळी फार तर दिवसभरात चुकलेले प्रश्न वहीत उतरवून होतात. रिकाम्या दिवसाची सकाळ, मूल शाळेत असताना, घराबाहेर, गावातल्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत बसून काढलेले तीन तास हे आठवड्यातले सगळ्यात मोलाचे. घरी बसलात तर कुकर लावाल.

जोडीचं काम कोणतं

पहिला विचार शिकवणीचा येतो. जरा थांबा. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. गल्लोगल्ली काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण कायम शिक्षकाच्या मागे सेवेचं संरक्षण असतं, तुमची ऑर्डर मात्र एका तक्रारीवर थांबू शकते. निदान स्वतःच्या शाळेतली, स्वतःच्या वर्गातली मुलं तरी घेऊ नका.

त्याऐवजी जे काम मुदतीवर द्यायचं असतं आणि ठरलेल्या वेळी हजर राहावं लागत नाही ते शोधा: मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन, भाषांतर, प्रकाशकांसाठी प्रश्नसंच तयार करणं, शिवणकाम, फराळाच्या ऑर्डरी. शेवटच्या दोन्हींची हंगामी गर्दी दिवाळीत येते आणि पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकाही तेव्हाच. दोन्ही घेऊ नका. दुकानात किंवा ऑफिसात अर्धवेळ नोकरी घेत असाल तर तुमचे तीन दिवस तिथेही आधीच लिहून द्या.

फेब्रुवारी ते एप्रिल

फेब्रुवारीत पुढच्या वर्षाची जाहिरात निघणार आहे का आणि तुमच्या विषयाचा कार्यभार उरतोय का ते विचारा. विद्यार्थिसंख्या घटून तुकडी कमी होणार असेल तर ते कायम शिक्षकांना तुमच्या आधी कळलेलं असतं, त्यांच्याकडून काढून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर मार्चपासून इतर ठिकाणी अर्ज टाका. आहे तिथले तास मात्र पूर्ण करा, अर्ध्यात सोडलेल्या वर्षाचा अनुभव कुणी लिहून देत नाही.

अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज शेवटचा तास झाला त्याच आठवड्यात द्या. त्यात नेमणुकीची तारीख, शेवटची तारीख, विषय, एकूण घेतलेले तास आणि ऑर्डरचा जावक क्रमांक यावा, म्हणून मजकूर स्वतःच टाईप करून न्या. क्लार्कला फक्त लेटरहेडवर छापायचं आणि सही घ्यायची राहील. बिलाची प्रत, टीडीएसचं प्रमाणपत्र आणि हे अनुभव प्रमाणपत्र, तिन्ही कागद एप्रिल संपायच्या आत घ्या. मे महिन्यात कार्यालय उघडं असलं तरी सही करणारे साहेब गावाला गेलेले असतात.